सुई डोळ्यापुढे ठेवून लिहिलेला कायदा

१९९१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ९४६ मुली होत्या. २००१ मध्ये त्या ९१३ झाल्या आणि २०११ मध्ये ८९४. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा करणारं राज्य हेच. तो कायदा १९८८ चा. म्हणजे ही तिन्ही मोजमापं कायदा झाल्यानंतरची आहेत.

हे आकडे दाखवून ‘कायद्याने काही होत नसतं’ असं म्हणून मोकळं होता येतं. मला ते पटत नाही. कायदाच नसता तर आकडा कुठवर घसरला असता, हे कुणालाच मोजता येणार नाही. शिवाय मुलगी नको असण्याची मुळं हुंड्यात, वारशात आणि म्हातारपणीच्या आधारात आहेत. एका अधिनियमाने ती उपटली जातील अशी अपेक्षा ठेवणंच चूक. मला या प्रकरणात वेगळी गोष्ट पाहायची आहे. एका राज्याच्या विधिमंडळापुढे निखळ तांत्रिक बाजू असलेला प्रश्न आला. माहीतगार माणसं बोलली आणि त्यांचं बरंचसं ऐकूनही घेतलं गेलं. तरीही जो मसुदा उतरला तो दहा वर्षांच्या आत तंत्राच्या मागे पडला. हे कसं झालं, ते बारकाईने पाहायला हवं.

दोन कायदेशीर कृती, मधला सांधा

गर्भजल परीक्षा, म्हणजे ॲम्निओसेंटेसिस, हे तंत्र भारतात आलं ते व्यंग शोधण्यासाठी. गरोदरपणाच्या साधारण सोळाव्या आठवड्यात आईच्या पोटातून लांब सुई घालून गर्भाभोवतीचं पंधरा-वीस मिलिलिटर पाणी काढतात. त्या पाण्यात गर्भाच्या अंगावरून गळालेल्या पेशी असतात. प्रयोगशाळेत त्या दोन-तीन आठवडे वाढवल्या की गुणसूत्रं मोजता येतात. एकविसाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत दिसली तर डाउन सिंड्रोम. आणि त्याच काचपट्टीवर, वेगळं काहीही न करता, एक्स आणि वाय गुणसूत्रंही दिसतात. लिंग ही या तपासणीत आपोआप हाती येणारी माहिती आहे.

१९७४-७५ च्या सुमारास दिल्लीच्या एम्समध्ये या चाचणीवर काम सुरू झालं आणि लवकरच ध्यानात आलं की पुष्कळ जोडप्यांना व्यंगाशी देणंघेणं नव्हतं, मुलगा की मुलगी एवढंच हवं होतं. १९७८ पर्यंत सरकारी रुग्णालयांत लिंग जाणून घेण्यासाठी ही चाचणी करण्यावर बंदी आली. खासगी दवाखान्यांना ती बंदी लागू नव्हती, आणि धंदा तिकडे सरकला. ‘आत्ता पाचशे रुपये घाला, पुढचे पन्नास हजार वाचवा’ अशा आशयाच्या जाहिराती झळकू लागल्या. ते पन्नास हजार कसले, हे कुणाला समजावून सांगावं लागत नव्हतं.

आता कायद्याच्या बाजूने पाहू. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या आणि त्यानंतर वीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतावर, ठरावीक कारणांसाठी गर्भपात करता येत होता. गर्भाचं लिंग हे त्या कारणांत नव्हतं, पण दुसरं कारण लिहून देणं अवघड नव्हतं. सोळाव्या आठवड्यात पाणी काढायचं, अठराव्या-एकोणिसाव्यात निकाल यायचा आणि विसाव्याच्या आत गर्भपात उरकायचा, असा तो हिशेब. मुदत अगदी काठावर येई, पण हुकत नसे. चाचणी बेकायदा नव्हती आणि अटी पाळून केलेला गर्भपातही बेकायदा नव्हता. अन्याय होता तो या दोहोंना जोडणाऱ्या सांध्यात, आणि त्या सांध्यावर बोट ठेवणारं एकही कलम भारतीय कायद्यात नव्हतं.

विधेयक लिहायला बसलेल्या माणसाला हा सांधा दिसणं हीच या प्रकरणातली पहिली तज्ज्ञता. ती डॉक्टरकडे अर्धी होती, वकिलाकडे अर्धी. सुरक्षित गर्भपाताचा बाईचा हक्क न दुखावता लिंगनिवड रोखायची, हा पेच दोघांनी एकत्र बसल्याशिवाय सुटणारा नव्हता.

पन्नास स्त्रीरोगतज्ज्ञ

१९८५-८६ च्या सुमारास मुंबईत ‘फोरम अगेन्स्ट सेक्स डिटरमिनेशन अँड सेक्स प्री-सिलेक्शन’ या नावाचा मंच उभा राहिला. स्त्री चळवळीतल्या कार्यकर्त्या, डॉक्टर, लोकविज्ञान चळवळीतली माणसं, वकील आणि समाजशास्त्राचे अभ्यासक असे सगळे त्यात होते. मोर्चे निघाले, दवाखान्यांपुढे निदर्शनं झाली, मुलींना बरोबर घेऊन आईवडील रस्त्यावर उतरले. विधानसभेत तेव्हा मृणाल गोरे होत्या आणि त्यांनी हा विषय लावून धरला. या मंचाचं नाव लक्षात ठेवा, विशेषतः त्यातले शेवटचे दोन शब्द. त्यांच्याकडे पुढे परत यायचं आहे.

पण मोर्चा मंत्रालयाच्या दाराशी येऊन थांबतो. आत फाईल पुढे सरकायला कागद लागतो. तो कागद एका लहानशा पाहणीने पुरवला. राज्याच्या आरोग्य खात्याच्या सचिवांनी ही पाहणी करवून घेतली आणि डॉ. संजीव कुलकर्णी यांनी १९८६ मध्ये ती केली. मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून त्यांनी माहिती गोळा केली. त्यांतले ८४ टक्के, म्हणजे ४२ जण, लिंग जाणून घेण्यासाठी गर्भजल परीक्षा करत होते. या ४२ जणांच्या मिळून महिन्याला सरासरी २७० चाचण्या होत होत्या. आपण समाजाची सेवाच करतो आहोत, असं त्यांतल्या बहुतेकांना वाटत होतं.

त्याच दिवसांत दुसरा एक आकडा सगळीकडे फिरत होता: मुंबईतल्या ८,००० गर्भपातांपैकी ७,९९९ गर्भ मुलींचे होते. तो आकडा ऐकून माणूस हादरतो, आणि चळवळीला त्याचा उपयोग झाला यात शंका नाही. कायदा करणाऱ्याच्या हाती मात्र मी ८४ टक्क्यांचा आकडाच देईन. आठ हजारांचा आकडा काय घडतं आहे ते सांगतो. ८४ टक्क्यांचा ते कुठे घडतं आहे ते सांगतो, आणि कायद्याला पत्ता लागतो. दोन-चार बदनाम केंद्रांपुरता हा प्रकार असता तर ती बंद करून भागलं असतं. साध्या, नावाजलेल्या, घरोघरच्या बाळंतपणांचे डॉक्टर हे करत आहेत असं दिसल्यावर नोंदणी, परवाना, तपासणी अशी सगळी यंत्रणाच उभी करावी लागते.

या पाहणीचं बळ तिच्या आकारात नव्हतं. पन्नास हा नमुना छोटाच म्हणायचा. पण ती वेळेवर झाली, निर्णय ज्यांना घ्यायचा त्यांनीच ती मागवली आणि एका डॉक्टरने डॉक्टरांना विचारून ती केली. राज्याच्या कायद्यासाठी विज्ञान हवं म्हटलं की मोठमोठ्या संशोधन प्रकल्पांचा विचार मनात येतो. विधेयकाचं घड्याळ वेगळ्या गतीने चालतं. अधिवेशनाआधी चार-सहा महिन्यांत एका नेमक्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर मिळणं हे पाच वर्षांनी मिळणाऱ्या परिपूर्ण उत्तरापेक्षा तिथे जास्त कामाचं असतं. हा कित्ता पुढे वारंवार गिरवला जायला हवा होता.

बंदी की नियमन

१९८८ मध्ये जो कायदा झाला त्याच्या नावातच ‘वापराचं नियमन’ होतं, बंदी नव्हती. यावरून तेव्हाही सरकारवर टीका झाली. पण इथे वैद्यकशास्त्राची बाजू खरोखर वजनदार होती आणि ती मान्य करायलाच हवी. हिमोफिलियाची वाहक असलेली स्त्री घ्या. या आजाराचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. तिच्या मुलग्यांना आजार होण्याची शक्यता निम्मी, आणि मुलींना तो सहसा होत नाही. ड्युशेन या स्नायूंच्या आजाराचंही तेच. अशा घरात गर्भाचं लिंग हा निदानाचाच भाग असतो. शिवाय थॅलेसेमिया, चयापचयाचे आनुवंशिक आजार, गुणसूत्रांचे दोष या सगळ्यांसाठी तीच सुई लागते. सरसकट बंदी घातली असती तर या बायकांवर अन्याय झाला असता.

म्हणून चाचणी कुणाला करता येईल याची यादी ठरली: पस्तिशी ओलांडलेली स्त्री, दोन किंवा अधिक गर्भ गमावलेली, गर्भाला घातक औषधं, किरणोत्सार किंवा रसायनांशी संपर्क आलेली, कुटुंबात मतिमंदत्वाचा किंवा शारीरिक व्यंगाचा इतिहास असलेली. ही यादी चांगली आहे. १९९४ च्या केंद्रीय कायद्यातही तिचाच धागा पुढे चालला. तज्ज्ञांचं ज्ञान कायद्याच्या भाषेत इतकं नीट उतरल्याचं उदाहरण सहजी सापडत नाही.

अडचण होती ती दुसरीकडे. या अटी पुऱ्या झाल्या की नाही, हे ठरवणार कोण? चाचणी करणारा डॉक्टरच. आणि त्या ४२ जणांत तोही असू शकत होता.

डॉक्टर हा या प्रकरणातला जाणकारही होता आणि पक्षकारही. दोन्ही भूमिका एकाच खुर्चीत बसल्या होत्या. यात डॉक्टरांना खोटारडं ठरवायचा हेतू नाही. मंचात डॉक्टर होते, पाहणी डॉक्टरनेच केली, चळवळीला तांत्रिक भाषा डॉक्टरांनीच दिली. पण ‘वैद्यकीय व्यवसायाचं मत’ म्हणून जे सरकारपुढे येतं त्यात ज्ञान किती आणि हितसंबंध किती, हे वेगळं करून पाहायची सोय विधिमंडळाकडे नव्हती. ज्याला चाचणीतलं सगळं कळतं पण चाचणीतून एक रुपयाही मिळत नाही, असा माणूस सभागृहाच्या बाजूने बसलेला हवा होता. प्रयोगशाळेतला जीवशास्त्रज्ञ, संख्याशास्त्रज्ञ, लोकसंख्येचा अभ्यासक, कुणीही चाललं असतं.

मंचाच्या मागण्यांपैकी काय राहून गेलं ते पाहिलं की हा तोल दिसतो. चाचणी फक्त सरकारी संस्थांत व्हावी, ही मागणी मान्य झाली नाही आणि खासगी केंद्रांना नोंदणी करून काम चालू ठेवता आलं. चाचणी करून घेणाऱ्या बाईला शिक्षा नको, असं मंच म्हणत होता, तरी कायद्याने तिच्याही अंगावर दोष ठेवला. सामान्य माणसाला तक्रार घेऊन थेट कोर्टात जाता येत नव्हतं, आधी सरकारी यंत्रणेचं दार ठोठवावं लागे. आणि गर्भ राहण्याआधीच लिंग निवडण्याची तंत्रं कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली.

मंचाच्या नावातले शेवटचे दोन शब्द ते हेच: ‘प्री-सिलेक्शन’. एक्स आणि वाय शुक्राणू वेगळे करण्याचे प्रयत्न तेव्हा जगात चालू होते. पुढे प्रयोगशाळेत फलित केलेल्या भ्रूणांतून निवड करण्याचं तंत्रही येणार होतं. कार्यकर्त्यांनी हे १९८६ च्या आसपासच ओळखून नावात घातलं होतं. देशाच्या कायद्यात ते शब्द आले २००३ मध्ये. जे भाकीत मंचाच्या फलकावर होतं ते कायद्यात यायला सतरा वर्षं लागली, आणि मला या प्रकरणात सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. ज्ञान नव्हतं असं नाही. ते रस्त्यावर उभं होतं आणि त्याला आत बसायला जागा नव्हती.

यंत्र बदललं

१९८८ चा कायदा वाचताना डोळ्यापुढे एक चित्र उभं राहतं. एक केंद्र, तिथे सल्ला देणारा जाणकार. एक दवाखाना, तिथे पाणी काढलं जातं. एक प्रयोगशाळा, तिथे पेशी वाढवल्या जातात. या तिन्ही ठिकाणांना पाटी आहे, सामान आहे, माणसं आहेत, नमुना एका जागेहून दुसरीकडे जातो आणि मागे कागद राहतो. नोंदणी करायची ती यांची, आणि देखरेख ठेवायला प्राधिकारी आणि दक्षता समित्या. सुईच्या तंत्रासाठी ही रचना बरोबर होती.

त्याच वर्षांत सोनोग्राफी शहरांतून तालुक्यांकडे निघाली होती. सोनोग्राफीला नमुना लागत नाही. प्रयोगशाळा लागत नाही. दोन-तीन आठवडे थांबावं लागत नाही. सराईत हाताला चौथ्या-पाचव्या महिन्यात पडद्यावर लिंग दिसतं आणि मागे कागदाचा चिटोराही राहत नाही, डॉक्टरची एक नजर किंवा एक शब्द पुरतो. शिवाय हे यंत्र गर्भाची वाढ, वार कुठे आहे, जुळं आहे का, हे पाहण्यासाठी रोज आणि योग्य कारणानेच वापरलं जातं. सुईच्या चाचणीत वैध वापर क्वचित असतो, त्यामुळे दर चाचणीकडे संशयाने पाहता येतं. सोनोग्राफीत वैध वापर हाच नियम आहे. अशा यंत्रावर नजर ठेवायची पद्धत मुळातच वेगळी लागते.

हा फरक एखाद्या रेडिओलॉजिस्टने किंवा यंत्रं विकणाऱ्या अभियंत्याने दहा मिनिटांत समजावून सांगितला असता. तो कुणी विचारला नाही, कारण विचारण्याची वेळ एकदाच आली होती, १९८८ मध्ये. तेव्हा प्रश्न सुईचा होता.

राज्याच्या कायद्याला आणखी एक मर्यादा होती. तो राज्याच्या सीमेवर संपत होता, आणि शेजारच्या राज्यात जायला एक रात्रीचा प्रवास पुरत असे. म्हणून देशव्यापी कायद्याची मागणी झाली. संसदेने १९९४ मध्ये तो केला आणि १ जानेवारी १९९६ पासून तो अमलात आला. महाराष्ट्राचा साचा त्यात पुष्कळसा तसाच उतरला, गुणांसकट आणि दोषांसकट. व्याख्येत अल्ट्रासोनोग्राफी हा शब्द होता, पण नोंदणी मात्र ‘जनुकीय’ सल्ला केंद्र, ‘जनुकीय’ प्रयोगशाळा आणि ‘जनुकीय’ दवाखाना यांचीच. सोनोग्राफी केंद्राचा मालक विचारू शकत होता: माझ्याकडे जनुकांचं काय काम? मी तर फक्त चित्र काढतो. एका विशेषणाने हजारो यंत्रं पळवाटेत जाऊन बसली. महाराष्ट्रात १९९१ ला कोल्हापूर जिल्ह्यात हजारामागे ९३१ मुली होत्या, २००१ मध्ये ८३९ उरल्या. साखर कारखान्यांचा, सधन, शिकलेला जिल्हा. रस्ते चांगले, दवाखाने भरपूर आणि यंत्रंही भरपूर.

यंत्राचा माग काढणं

दुरुस्ती विधिमंडळातून आली नाही, न्यायालयातून आली. २००० साली सेहत आणि मासूम या महाराष्ट्रातल्या दोन संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. २००१ पासून न्यायालयाने एकामागून एक आदेश दिले. त्यातला एक आदेश अभ्यासण्यासारखा आहे. सोनोग्राफी यंत्रं विकणाऱ्या कंपन्यांकडून गेल्या पाच वर्षांतल्या खरेदीदारांची यादी मागवण्यात आली. कोण लिंग सांगतो हे पकडणं कठीण, पण यंत्र कुणाकडे आहे हे विक्रीच्या वहीत लिहिलेलंच असतं. बोललेला शब्द हवेत विरतो, यंत्र जागेवर राहतं. कायद्याने धरायचं ते जागेवर राहणाऱ्या वस्तूला. तंत्र कसं चालतं हे माहीत असलेलं कुणीतरी या विचारामागे होतं, हे स्पष्ट दिसतं.

१४ फेब्रुवारी २००३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने हीच दिशा पकडली. यंत्र फक्त नोंदणी झालेल्या केंद्रालाच विकता येईल. सोनोग्राफी केंद्रांची नोंदणी सक्तीची. गर्भधारणेआधीची लिंगनिवडही गुन्हा. आणि प्रत्येक गरोदर स्त्रीच्या तपासणीमागे एक नोंद, ज्याला सगळे ‘फॉर्म एफ’ म्हणतात. त्यात त्रुटी आढळली तर उल्लंघन झालं असं गृहीत धरलं जाईल आणि तसं नाही हे केंद्राने सिद्ध करायचं.

डॉक्टरांच्या संघटना या शेवटच्या तरतुदीवर आजही नाराज आहेत. पत्ता अर्धवट राहिला म्हणून गुन्हेगार ठरायचं का, हा त्यांचा सवाल खोटा नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद कायम ठेवली. मी न्यायालयाच्या बाजूने आहे, पण एक अट घालून. गुन्ह्याचा एकमेव माग जर कागदावरच राहत असेल तर कागद काटेकोर हवा, हे बरोबर. मग त्या कागदांच्या गठ्ठ्यांतून खरा संशय कुठे आहे हे शोधणारी माणसंही हवीत. एखाद्या केंद्रात दोन मुलींच्या आईंची सोनोग्राफी नेमकी चौदा ते अठरा आठवड्यांतच का होते आणि त्यांतल्या किती जणी नंतर बाळंतपणाला परत येतच नाहीत, हा प्रश्न आकडेवारीचा आहे. तो न विचारता नुसत्या राहिलेल्या सह्या मोजत बसलं की निष्काळजी डॉक्टर सापडतो आणि सराईत सुटतो. सराईताचे फॉर्म नेहमीच व्यवस्थित भरलेले असतात.

कोल्हापुरात २००९-१० च्या सुमारास जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या काळात हे पाऊल पुढे गेलं. फॉर्म एफ ऑनलाइन भरणं सुरू झालं आणि सोनोग्राफी यंत्रांना ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ नावाचं उपकरण जोडलं गेलं, जे यंत्रावर झालेल्या तपासण्यांची नोंद ठेवतं. रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने रुग्णाच्या खासगीपणाचा मुद्दा घेऊन मुंबई उच्च न्यायालय गाठलं. न्यायालयाने २०११ मध्ये दोन्ही उपाय वैध ठरवले. खासगीपणाची चिंता हलक्यात घेण्याजोगी नव्हती. ती नोंद कुठे साठते, किती दिवस राहते, कोण उघडू शकतो, हे प्रश्न जिल्ह्याच्या पातळीवर सुटणारे नाहीत. ते राज्याच्या सभागृहात चर्चेला यायला हवे होते. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर ८६३ वर आलं. बीड मात्र ८९४ वरून ८०७ पर्यंत कोसळलं, राज्यात सगळ्यात खाली. कोल्हापूरच्या वाढीचं श्रेय त्या उपकरणाला देता येणार नाही. शून्य ते सहा वयाची ती बहुतेक मुलं उपकरण बसण्याआधीच जन्मलेली होती. हा साधा हिशेब न करता यशोगाथा सांगणं मला धोक्याचं वाटतं. पुढचं विधेयक अशाच गोष्टींवर उभं राहतं.

‘रक्त’ हा एक शब्द

आता मसुद्याच्या कारागिरीकडे. १९९४ च्या कायद्याच्या व्याख्येत गर्भजल, वारेचा तुकडा यांच्या जोडीला गरोदर स्त्रीचं रक्त किंवा ऊती असे शब्द होते. २००३ मध्ये ती व्याख्या रुंदावून पुरुषाचे किंवा स्त्रीचे, गर्भधारणेआधीचे वा नंतरचे, रक्त, ऊती किंवा द्रव असे शब्द आले. तेव्हा आईच्या रक्तावरून गर्भाचं लिंग सांगणारी चाचणी बाजारात नव्हती. मात्र आईच्या रक्तद्रवात गर्भाचा डीएनए तरंगत असतो, हे १९९७ मध्येच डेनिस लो आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं होतं. २०११ पासून ती चाचणी विकली जाऊ लागली. दहाव्या आठवड्याच्या सुमारास आईच्या दंडातून थोडं रक्त घेतलं की पुरे. सुई पोटात जात नाही, पडदा लागत नाही. ही चाचणी भारतात आली तेव्हा कायदा बदलावा लागला नाही, कारण ‘रक्त’ हा शब्द तिची वाट पाहत बसलेला होता.

‘जनुकीय’ या एका शब्दाने वाट मोकळी सोडली आणि ‘रक्त’ या एका शब्दाने ती अडवली. मसुदा लिहिणाऱ्या विधी व न्याय विभागातल्या अधिकाऱ्याला भाषेचा अधिकार असतो, पण कुठला शब्द दहा वर्षांनी फाटेल आणि कुठला टिकेल हे सांगायला संशोधनाची नियतकालिकं वाचणारं कुणीतरी शेजारी लागतं. माझं मत असं की अशा कायद्यात मूळ कलमाने कृत्य सांगावं: गर्भाचं लिंग कुठल्याही मार्गाने शोधणं, सांगणं, निवडणं. यंत्रं आणि पद्धती नियमांत ठेवाव्यात, म्हणजे सभागृहाच्या अधिवेशनासाठी न थांबता त्या बदलता येतील. हातातून नेता येणारी सोनोग्राफी यंत्रं आली तेव्हा २०१२ मध्ये नियमांतच दुरुस्ती करून त्यांच्या वापरावर बंधनं घालण्यात आली. ते लवकर झालं, कारण विधेयक लागलं नाही.

नियम बदलणं सोपं असतं म्हणून त्यावर लक्षही कमी असतं, हा आक्षेप मला माहीत आहे. लोकप्रतिनिधींच्या नजरेआड खातं वाटेल ते लिहील, अशी ती भीती आहे. म्हणून सभागृहाच्या बाजूला कायमचा जाणकार हवा. कॅलिफोर्नियाने २००९ पासून विज्ञानात पीएचडी केलेल्या माणसांना वर्षभर विधिमंडळाच्या समित्यांत आणि सदस्यांच्या कार्यालयांत बसवायला सुरुवात केली आहे. आपल्याकडे तर संविधानानेच जागा करून ठेवली आहे. अनुच्छेद १७१ नुसार विधान परिषदेवर राज्यपाल ज्यांना नेमतात ते साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा यांतले जाणकार असावेत. महाराष्ट्राच्या ७८ सदस्यांच्या परिषदेत अशा १२ जागा आहेत. विज्ञान हा शब्द त्या यादीत दुसरा आहे. त्या बारांत एक आनुवंशशास्त्रज्ञ किंवा एक साथरोगतज्ज्ञ बसवायला नवा कायदा लागत नाही, रुपयाचा नवा खर्च लागत नाही.

दर चार महिन्यांनी एक बैठक

२००३ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली, तिच्याविषयी फारसं कुणी बोलत नाही. प्रत्येक राज्यात एक पर्यवेक्षक मंडळ स्थापन करायचं. अध्यक्ष आरोग्यमंत्री. विधानसभेतल्या किंवा परिषदेतल्या तीन महिला सदस्य. दोन स्त्रीरोगतज्ज्ञ, दोन बालरोगतज्ज्ञ किंवा आनुवंशशास्त्रज्ञ, दोन रेडिओलॉजिस्ट किंवा सोनोलॉजिस्ट, दोन समाजशास्त्रज्ञ आणि विधिज्ञ, महिला संघटनांतल्या दोन कार्यकर्त्या. चार महिन्यांतून किमान एकदा बैठक.

१९८८ मध्ये जी खुर्ची नव्हती ती हीच. सोनोग्राफीचं यंत्र चालवणारा माणूस, कायदा करणारी बाई आणि रस्त्यावर फलक धरणारी बाई एका टेबलाभोवती, आणि तेही विधेयकाच्या वेळी एकदा नव्हे, वर्षातून तीनदा. यंत्र जाणणारा अभियंता आणि फॉर्म एफचे आकडे वाचणारा संख्याशास्त्रज्ञ तिथे अजून नाहीत. त्या दोघांसाठी दोन खुर्च्या वाढवायच्या, आणि आपल्या मतदारसंघातून त्या तिघींपैकी कुणी निवडून आली असेल तर पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर रक्तचाचणी आहे का, एवढं तिला विचारायचं.